हरायचं ठरलेली फायनल

टीम कशी बांधावी यावर कुणी माझ्यासमोर बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही. मी एका माणसाला जिंकणारी टीम उभी करताना अगदी जवळून पाहिलंय. तो दोह्यातल्या आमच्या बांधकाम कंपनीचा मॅनेजर होता. मूळचा दादरचा, गोड बोलणारा, कपाळावर आठी न आणता माणसाचं वाटोळं करणारा.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. या मॅनेजरसाहेबांना बास्केटबॉलचं वेड होतं, आणि थंडीत शुक्रवारी कंपन्या-कंपन्यांमध्ये होणारा कप त्यांना आपल्या केबिनमध्ये हवा होता. म्हणून मुंबईच्या हॉटेलात इंटरव्ह्यू घेताना ते हुशारीने माणसं निवडायचे. कामाचं जुजबी विचारून झालं की खेळाची सर्टिफिकेटं बघायचे, मग म्हणायचे, जरा त्या उंच दाराच्या वरच्या चौकटीला हात लावून दाखव. माझा हात काही पोचला नाही. पण पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये चेंडू पुढे नेण्याचं काम माझंच असायचं, त्यामुळे मला टाइमकीपर, म्हणजे कामगारांची हजेरी मांडणारा, म्हणून घेतलं. माझ्या मागून आला तो अमरावतीचा. त्याचा तळवा सगळाच्या सगळा चौकटीच्या वर टेकला. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

त्या अमरावतीकराबद्दलच सांगायचंय. तो विद्यापीठाकडून खेळलेला होता. आपल्याकडे तेव्हा कॉलेज संपलं की खेळ संपायचा. फार तर रेल्वे नाहीतर बँक खेळाडू म्हणून नोकरी देई. बँकेच्या ट्रायलला त्याने सगळ्यांना धूळ चारली आणि निवड झाली एका अधिकाऱ्याच्या भाच्याची. हे तो हसत सांगायचा. मला हसू यायचं नाही. व्हिसावर त्याचा हुद्दा स्टोअर हेल्पर. दिवसभर पाइप आणि नटबोल्टच्या पेट्या उचलायच्या आणि संध्याकाळी, अंगातला घाम वाळायच्या आत, प्रॅक्टिस. दोह्याबाहेर अल थुमामाकडच्या मोकळ्या जमिनीवर आमचा कॅम्प होता. तिथलं कोर्ट आम्हीच सुट्टीच्या दिवशी सिमेंट ओतून केलेलं. साहेब खुर्ची टाकून बसायचे आणि चहा प्यायचे. यालाच ते पुढे सगळीकडे ‘मी टीम घडवली’ म्हणून सांगत सुटले.

पहिल्याच हिवाळ्यात आम्ही सेमीफायनल जिंकली. तिथे एका स्थानिक क्लबच्या कोचने, तो इजिप्तचा होता, आमच्या अमरावतीकराला पाहिलं. क्लबच्या मुलांना शिकवायला आणि त्यांच्यासोबत खेळायला त्यांना माणूस हवा होता. पगार फक्त खेळाचा, पेट्या उचलण्याचा नाही. ते ऐकलं त्या दिवशी हा माणूस जेवला नाही. कॉटवर बसून नुसता तळहाताकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या खेळाला काम म्हणत होतं.

फक्त रिलीज हवा होता. म्हणजे, याला सोडायला आमची हरकत नाही, अशी कंपनीची सही. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. सही नसेल तर गेटबाहेर दुसऱ्याचं काम करता येत नाही. सही साहेबांची. मग आम्ही टिपिकल आपल्या लोकांसारखं डोकं लावलं. साहेब खूश असताना विषय काढायचा! आधी कप जिंकून द्यायचा, पेढे वाटायचे, आणि हार घालून झाला की हळूच बोलायचं.

कप जिंकला. हार घातला. कॅम्पच्या खानावळीत पेढे झाले. मग मी विषय काढला. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “अरे, टीम जिंकते ती त्याच्यामुळे. मग त्याला मी का सोडू?”

आम्हीच त्याची किंमत वाढवून ठेवली होती. त्या खानावळीत मी मान डोलावून साहेबांना आणखी एक पेढा दिला, त्याचा राग मला साहेबांवरच्या रागापेक्षा जास्त काळ पुरलाय.

कोच भला माणूस. पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबतो म्हणाला, इन्शाल्ला. तेव्हा मी ठरवलं की आता हरायचं. टीम हरली, आणि तीही याच्यामुळे हरली, तर साहेब स्वतःहून त्याला हाकलतील. टीममधल्या पाचही जणांना पटलं. अमरावतीकराने सगळ्यात शेवटी मान डोलावली. पण लवकर हरलो असतो तर साहेबांना संशय आला असता, म्हणून फायनलपर्यंत यायचं आणि तिथे पडायचं, असा बेत.

फायनलला साहेब पहिल्या रांगेत, कोच मागे कठड्याला टेकून. मी सोपे पास बाहेर घालवत होतो. आमचा वसईचा गडी, जो एरवी रिंगवरून उडालेला रिबाउंड कुणाला घेऊ देत नसे, तो चेंडू आपसूक दुसऱ्यांच्या हातात जाऊ देत होता. सगळं छान बिघडत होतं. शेवटी आम्ही एका गुणाने मागे, घड्याळात काही सेकंद, आणि नेमका समोरच्या एका दांडगटाने अमरावतीकराला धक्का दिला. दोन फ्री थ्रो, एकेका गुणाचे. दोन्ही चुकव की झालं! तो रेषेवर उभा राहिला, चेंडू जमिनीवर आपटला, माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी सांगितलं, चुकव.

पहिला जाळीत. रिंगला स्पर्शसुद्धा नाही. मला वाटलं, ठीक, दुसरा चुकवेल. दुसराही तसाच गेला.

साहेब खुर्चीवर चढून नाचत होते. मी परतीच्या बसमध्ये त्याच्यावर तुटून पडलो. नाही नाही ते बोललो. तुला अक्कल आहे का, तुझ्याचसाठी आम्ही सगळे माती खात होतो ना? तो खिडकीबाहेर बघत होता. तिकडेच बघत म्हणाला, “हातच नाही आयकला रे. त्याले चुकवाचं कोणी शिकवलंच नाही.”

साहेबांनी त्याचं काँट्रॅक्ट वाढवलं. कोच म्हणाला, खलास, आणि दुसरा माणूस शोधायला गेला.

मग तेलाचा भाव घसरला, कंपनीची कामं आटली आणि माणसं कमी करायची वेळ आली. सगळ्यात आधी कोण गेलं असेल? उंच माणसं. पाइप मोजायला उंची लागत नाही, हे साहेबांना तेव्हा आठवलं. अमरावतीकराला बोलावून ते म्हणाले, आता रिलीज हवा तर घे, मी सही करतो. किती दिलदार माणूस!

आम्ही दोघं तो कागद घेऊन क्लबवर गेलो. जागा भरलेली होती. जाळीच्या कुंपणापलीकडे नवा माणूस मुलांना फ्री थ्रो दाखवत होता आणि स्वतःच चुकवत होता. मी शिव्या दिल्या. साहेबांना, कोचला, त्या बँकेच्या भाच्यालासुद्धा. अमरावतीकर ऐकत नव्हता. जाळीत बोटं अडकवून तो त्या माणसाचा हात बघत होता.

“कोपर बाहेर जाते त्याचं,” तो म्हणाला. “कोणी सांगत काऊन नाही त्याले?”

दोन दिवसांनी त्याला विमानतळावर सोडलं. कप अजून केबिनमध्येच होता.