एकदाच जमलेलं कार्बाइड

माझी पीएचडीची सगळी वर्षं एका काळ्या पावडरीच्या मागे गेली. मॉलिब्डेनम कार्बाइड. शेजारच्या आंटींना कार्बाइड म्हणजे आंबे पिकवायची पुडी एवढंच ठाऊक, त्यामुळे बाग सेवनियातल्या आमच्या कॉलनीत मी फळांचं काहीतरी करते असा समज होता. मीही तो दूर केला नाही. फळं निदान पिकतात तरी.

कृती ऐकायला सोपी आहे. धातूचा क्षार आणि कार्बन असलेलं एक संयुग पाण्यात एकत्र केलं की पांढरे स्फटिक तळाशी बसतात. ते वाळवून भट्टीच्या नळीत ठेवायचे, हवा हाकलायला आर्गॉन वायू सोडायचा आणि तापवत राहायचं. उष्णतेने स्फटिक मोडतो, अमोनिया उडून जातो आणि आतलाच कार्बन धातूला धरून बसतो. माझ्याकडे तो काही केल्या धरत नसे. कुठूनतरी हवा शिरायची आणि हाती ऑक्साइड यायचं. तेही काळपटच. फरक डोळ्यांना कळत नाही, क्ष-किरणांच्या यंत्राला कळतो. मी जोड बदलले, नळी बदलली, सिलिंडर बदलला. ओढणीतून अमोनियाचा वास जाईना. माझे मार्गदर्शक सर या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते आणि भट्टी दुसऱ्या विभागाकडे जाणार होती. त्याआधी शुद्ध कार्बाइड निघालं नाही तर माझा प्रबंध संपल्यात जमा होता.

आणि एप्रिलमध्ये ते निघालं. आलेखावरचं प्रत्येक शिखर जिथल्या तिथे. मी यंत्राच्या खोलीबाहेर उभी राहून रडले. आईने त्याच संध्याकाळी डबे भरभरून पेढे वाटले. एरवी घुम्यासारखे बसणारे बाबा पुण्याच्या नातेवाइकांना फोन करत सुटले.

सरांनी उरलेली पावडर पुन्हा तपासायला सांगितली. या वेळी ऑक्साइड आलं. मी तणतणत यंत्र चालवणाऱ्यांकडे गेले. मागच्या खेपेला मी त्यांना दोन बाटल्या दिल्या होत्या: एक माझी, दुसरी तुलनेसाठी विकत आणलेल्या तयार कार्बाइडची. मध्येच वीज गेल्याने एकच तपासून झाली होती. त्यांनी संगणकात बघितलं.

"मॅडम, वो तो बाज़ार वाला था. आपके नाम से सेव हो गया."

मला त्यांचा रागही आला नाही. मला ते एकदाही जमलेलं नव्हतं, एवढंच डोक्यात राहिलं. सरांना सांगितलं. ते म्हणाले, भट्टी सोमवारी हलवतायत.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं आणि लोकांना आता काय सांगायचं, असं विचारलं. बाबा उठून गच्चीवर गेले. तेवढ्यात आंटी पेढ्यांचा डबा परत द्यायला आल्या. रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात बेसनाचे लाडू होते. त्यांनी एक माझ्या हातावर ठेवला आणि खाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

"हमारी बिटिया ने भी कॉलेज के फॉर्म में केमिस्ट्री भर दी है, तुम्हें देखकर," त्या म्हणाल्या. "अब तुम ही सँभालना उसे."

आई माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणाले.