डब्यात गेलेला शनिवार

डबेवाल्या काकूंकडे आता विकायला एकही डबा नाही, पण डायऱ्या सगळ्या आहेत. कपाटाच्या खालच्या फळीवर, एकवीस. दुपारी चष्मा लावून त्या एकेक जुना शनिवार काढून बसतात. ते दिवस गेले याचं त्यांना वाईट वाटतं, आणि तसं त्या नातीला सरळ सांगतातही.

तेव्हा घट्ट झाकणाचे ते डबे दुकानात मिळत नसत. कोणा एकीच्या घरी डबे दाखवायची पार्टी ठरायची, ती घरवाली शेजारणींना बोलवायची, काकू दोन बॅगा भरून जायच्या. पाण्याने भरलेला डबा खुशाल तिच्या सोफ्यावर उलटा धरायच्या. थेंब पडत नसे. बायका खूश, आणि निघता निघता दोघीतिघी आपल्या घरची तारीख देऊन मोकळ्या. ती तिथल्या तिथे डायरीत लिहायची, हा धंद्याचा पहिला धडा. काकूंनी तो एकदाच मोडला आणि तोंडघशी पडल्या.

गडबडीत त्यांनी वाटेत भेटलेल्या एकीची तारीख चिठ्ठीवर लिहिली, चिठ्ठी नमुन्याच्या डब्यात टाकली आणि तोच डबा एका बाईंना विकला. डायरीत शनिवार रिकामा दिसला, तो त्यांनी बँकेतल्या बाईंना दिला. बँकेतल्या बाई म्हणजे हक्काचं घर. त्यांच्या एका पार्टीतून पुढच्या चार ठरत.

गुरुवारी त्या चिठ्ठीवरच्या, शिवणकाम करणाऱ्या बाईचा फोन आला. "काकू, परवा चार वाजता येताय ना?"

काकूंना ती चिठ्ठी आठवली. तारीख बदलायची तर फोनवर नाही, समोर जाऊन माफी मागायची, ही त्यांची रीत. हिलाच पुढचा आठवडा द्यावा असं ठरवून त्या जिना चढल्या. बघतात तो, मशीन कोपऱ्यात सारलेलं आणि खोलीत भाड्याने आणलेल्या बारा खुर्च्या.

"सहा महिने झाले इथे येऊन," ती म्हणाली, "अजून कोणाकडे जाणं-येणं नाही. डब्यांच्या निमित्ताने तरी येतील."

 चहा पिऊन त्या तडक बँकेत गेल्या.

"चूक माझी आहे, हा शनिवार मी आधीच दुसरीला दिला होता," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही कधीही बोलवा, माणसं येतात. ती पोस्टाच्या वर राहते, शिवणकाम करते. तिने बेत मोडला तर पुन्हा कोणी येईल का, सांगता येत नाही."

"म्हणजे भरवशाची म्हणून मलाच ढकलायचं?" बाईंनी पुढचा नंबर पुकारला. हे घर गेलं, हे काकू समजल्या.

शनिवारी चार वाजता तीन शेजारणी आल्या. नऊ खुर्च्या रिकाम्या. शिवणकामवाली सारखी दाराकडे बघत होती, आणि काकूंनी पाण्याचा डबा उगाच दोनदा उलटा धरला. साडेचारला बेल वाजली. दारात बँकेतल्या बाई, मागे त्यांच्या डझनभर मैत्रिणी.

"शनिवार रिकामा करून दिलात," काकूंकडे न बघता त्या म्हणाल्या, "मग आम्ही करायचं काय?"

त्या दिवशी किती डबे खपले ते काकूंना आठवत नाही. खुर्च्या कमी पडल्या, आणि ती शिवणकामवाली पहिल्यांदाच शेजारचं दार वाजवून आणखी चार मागायला धावत गेली, हे मात्र लख्ख आठवतं.