आत्याचा खोकला

टीव्हीवर पॅडची जाहिरात लागली की आमच्या आत्याला खोकला यायचा. तिकडे पोरगी पांढरी पँट घालून उड्या मारतेय, पॅडवर निळं पाणी पडतंय, आणि ते संपेपर्यंत आत्या खोकतेय. संपलं की ठणठणीत. मी आधी जाहिरातीतल्या बाईचा गोड आवाज काढायचे, मग आत्याचा खोकला. आळी हसून लोळायची. आत्या म्हणायची, "निळं येतं का गो कुणाला? खोटारडी मेली."

लग्न मोडून ती माहेरी आलेली. मान होता तो एकाच गोष्टीचा. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, बाजूला बसायचं काम नाय. म्हणून आळीतल्या सगळ्या गौरींचा नैवेद्य तिच्या हातचा. त्या दिवसात ती माझ्या आईवरही हुकूम सोडायची.

मी बारावीला होते तेव्हा, गौरी गेल्यावर, मागच्या पडवीत तिच्या ओल्या लुगड्याखाली वाळत घातलेली फडकी दिसली. डाग नीट गेले नव्हते. घरात माझी पाळी नव्हती, आईचीही नाय. आत्याने माझं मनगट धरलं. तोंड पांढरंफटक.

"श्रावणापासून चाललंय. बोललीस तर मेले मी. बाया म्हणतील, विटाळाचं आमच्या गौरीला खायला घातलं."

आत्याच्या पोटात दुखतंय असं घरी सांगून मी तिला एसटीने शहापूरला नेलं. डॉक्टरबाईंनी काय होतंय विचारलं आणि आत्या खोकायला लागली. थांबेचना. बाई खोकल्याचं औषध लिहायला लागल्या. मग मी आत्याचा आवाज काढला, अगदी तिचाच. "बाई, माझी गेलेली पाळी परत आली. श्रावणापासून. कुणाला बोलले नाय."

खोकला थांबला. आत्याने खाली बघत मान हलवली.

पिशवी काढली. कॅन्सरची सुरुवात होती, वेळेत आलात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आळीत आम्ही नुसती गाठ म्हणून सांगितलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया आमच्याकडे जमलेल्या, टीव्ही चालू. जाहिरात लागली. सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. ती खोकली नाय.

"गौरीत माझं चालू होतं," ती म्हणाली. "नैवेद्य मीच केला. तुमी पण जेवलात. लपवत बसले असते तर आज नसते."

माझ्या हातातली तिळगुळाची वाटी तशीच राहिली. पुढच्या गौरीला तिला चुलीजवळ कोण बसू देणार? तिलाही ते कळत होतं. टीव्हीवर निळं पाणी पडत होतं.

तेवढ्यात दाराशी बसलेली शेजारची काकी खोकली. पदर तोंडाला लावला तरी थांबेना.

आत्या उठली, तिच्याजवळ जाऊन बसली.

"कवापासून गो?"