खालच्या टाकीतल्या गोगलगायी

अलेक्झांड्रियाच्या त्या प्रयोगशाळेत बयूमी एकतीस वर्षं समुद्राचं पाणी भरत आला होता. आता जिना चढताना तो मधेच थांबे, बादली टेकवे, आणि कुणी पाहत नाही ना, एवढं बघून गुडघा चोळे. निवृत्तीला अकरा दिवस उरले होते.

तिथल्या तरुण संशोधक इनासच्या प्रयोगासाठी दोन टाक्यांत समुद्री गोगलगायी होत्या. वरच्या टाकीतल्यांना ती सेरोटोनिन या रसायनाची पाच इंजेक्शनं देई, मधे वीस-वीस मिनिटं थांबून. खालच्यांना नुसतं खारं पाणी. दुसऱ्या दिवशी पाठीवरच्या नळीला हलकेच स्पर्श करायचा आणि कल्ला किती सेकंद आत राहतो ते मोजायचं. सेरोटोनिनने मज्जापेशींमधले सांधे बळकट झाले, तर तो जास्त वेळ आत राहणार.

"अम्म बयूमी, काका, बघा तरी!" इनास कागद नाचवत आली. "वरच्या चाळीस सेकंद, खालच्या जेमतेम चार! इतका फरक कुणालाच मिळालेला नाही. उद्या सरांना दाखवते."

बयूमी खाली बसला. "पोरी, औषध न दिलेल्यांचा कल्ला एरवी किती वेळ आत राहतो?"

"दहा तरी. का?"

"वर माझा हात पोचत नाही. तिथल्यांना खायचं शेवाळ चिमट्याने घालतो. खालच्यांना हाताने भरवतो." तो अडखळला. "रोज सकाळी एकेकीच्या नळीला बोट लावून विचारतो, काय गं, झोप झाली? घरी आता विचारायला कुणी नाही."

"रोज?"

"दहा-बारा वेळा. रमजानपासून."

इनासचा चेहरा उतरला. "अहो, म्हणून चार! स्पर्शाला घाबरायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत त्यांना! तीन महिने पाण्यात गेले माझे. गप्प राहिला असतात तर कुणाला कळलंही नसतं."

"मला कळलं असतं ना."

तिने कागद टेबलावर ठेवला. मग नोंदवहीत तिने सगळं जसंच्या तसं लिहिलं, आणि पेन त्याच्यापुढे धरलं. बयूमीने सावकाश सही केली.

"नव्या गोगलगायी कधी आणता?" तिने विचारलं.

"उद्या. पण पोरी, या खेपेला दोन्ही टाक्या खालीच ठेव. आणि भरवायला दुसरं कुणी बघ. माझा हात काही त्यांना लागल्याशिवाय राहायचा नाही."