कड्यामागचा हिरवा उंचवटा

अकोल्याला मृदाशास्त्र शिकून मी पीएच.डी.साठी अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी आले, ते ऐंशीच्या दशकात. आमच्या प्रोफेसरांना अलास्काच्या वायव्य किनाऱ्यावरचे समुद्रपक्ष्यांचे कडे अभ्यासायचे होते, आणि मातीचं काम येणारी मी एकटीच होते. तरी ते कचरत होते.

"तू मांस खात नाहीस. तिकडे थंडीही फार असते."

"डाळ-तांदूळ नेईन. थंडीची सवय होईल," मी म्हटलं.

गावातल्या एका मराठी काकूंकडे आम्ही विद्यार्थी अधूनमधून जेवायला जायचो. त्या म्हणाल्या, "अगं, पक्ष्यांची शीट उकरायला एवढ्या लांब? घरी कळवलंस का?"

"कळवलंय, काकू. आई म्हणाली, स्वेटर जास्त ने."

उन्हाळ्यात एका छोट्या विमानाने मला आणि पक्ष्यांवर काम करणाऱ्या एका अमेरिकन मैत्रिणीला तिथे सोडलं. कड्याच्या कपारी-कपारीत पक्षी. कलकलाट इतका, की शेजारी उभं राहूनही ओरडूनच बोलावं लागे. मागची सगळी जमीन करडी, खुरटी. गारठ्यात काही लवकर कुजत नाही, त्यामुळे मातीत नत्र नसल्यातच जमा. कड्याच्या माथ्यालगत मात्र गवत गुडघ्याएवढं माजलेलं. पक्षी समुद्रात मासे खात आणि विष्ठा, फुटकी अंडी, मेलेली पिल्लं जमिनीवर टाकत. समुद्रातलं खत असं जमिनीवर येत होतं. ते आत किती लांब पोचतं, हे मला मोजायचं होतं.

कड्यापासून आत एका रेषेत आम्ही माती काढत गेलो. काम संपत आलं आणि वादळाने तंबू फाडला. पिशव्या भिजल्या, वरची शाई धुऊन गेली. कुठली माती कुठली, काही कळेना.

"उरलंय त्यावर भागव यार," मैत्रीण म्हणाली. "विमान आता येईलच."

"इथे अंधार पडत नाही. विमान येईपर्यंत खणता येईल."

ती कुरकुरली, पण फावडं तिनेच आधी उचललं. धुक्यात, सुजलेल्या बोटांनी आम्ही सगळी रेषा पुन्हा खणली.

हिवाळ्यात लॅबमध्ये आकडे आले. कड्यालगत नत्र भरपूर, पुढे कमी कमी होत गेलेलं. पण आत लांबवर एका ठिकाणी ते एकदम वाढलेलं होतं.

"पिशवी बदलली असणार," प्रोफेसर म्हणाले. "हा आकडा गाळून टाक."

"नाही. दुसऱ्यांदा खणताना प्रत्येक पिशवीला मी नंबर कोरलेली पत्र्याची पट्टी बांधली होती. मला पुन्हा जाऊन बघायचंय."

ते म्हणाले, "मग मीही येतो."

पुढच्या उन्हाळ्यात हवा स्वच्छ होती. मी रेषा धरून चालत गेले. आदल्या वर्षी धुक्यात न दिसलेला एक हिरवागार उंचवटा बाजूलाच होता. त्यात कोल्ह्याची बिळं, आणि भोवती पिसं, हाडं, अंड्यांची टरफलं. कोल्हे कड्यावरची शिकार तोंडात धरून इतक्या आत आणत होते.

मी तिथेच गवतात बसले. प्रोफेसरांनी एक हाड उचलून पाहिलं आणि परत जागेवर ठेवलं.

"आणखी उंचवटे असतील," ते म्हणाले. "शोधू या."

मी उठले. त्या उन्हाळ्यात आम्हाला बरेच सापडले, आणि माझा प्रबंध कड्यावर कमी, कोल्ह्यांवरच जास्त झाला.