एका बोटाचा ब्रेक

ड्रेस्डेनच्या टेकडीवरून एल्बे नदीकडे उतरणारा एक फरसबंद रस्ता आहे. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी तो ओला होता. मी दोन्ही ब्रेक जीव खाऊन आवळले होते, पण सायकल थांबायचं नाव घेईना. रबर रिमवर करकर घासत होतं आणि वेग तसाच होता. खाली वळण आलं. समोर एका बागेचं फाटक उघडं दिसलं. मी सरळ आत घुसले आणि वाळक्या पानांच्या ढिगात जाऊन रुतले.

ढीग नुकताच रचून झाला होता. रचणारे आजोबा हातात दाताळं घेऊन शेजारीच उभे होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे. "आल्झो, बरं तर," ते म्हणाले, "फाटक लावून घ्यायचा मला कंटाळा आला होता, ते बरंच झालं."

मला साधं खरचटलंही नाही. आम्ही दोघांनी मिळून ढीग पुन्हा रचला.

घरी मी हा प्रकार हसत हसत सांगितला, पण नवरा हसला नाही. तो इथलाच, जर्मन. "आता डिस्क ब्रेकची सायकल घे," एवढंच म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. डिस्कचा ब्रेक चाकाच्या मधोमध बसवलेली चकती पकडतो, त्यामुळे पावसापाण्यात तो दगा देत नाही. पण माझ्या सायकलच्या फ्रेमवर आणि पुढच्या चिमट्यावर डिस्क बसवायला जागाच नव्हती. डिस्क हवी तर सायकलच नवी घ्यायची. आणि ही हिरवी, सडपातळ सायकल मी पीएचडी संपली त्या आठवड्यात घेतलेली. हे शहर मला तिनेच दाखवलं. ती सोडायला माझं मन तयार नव्हतं.

शनिवारी सासूबाई आल्या. जर्मनमध्ये मी त्यांना 'डू', म्हणजे 'तू', म्हणते, पण मराठीत त्यांच्याबद्दल बोलताना अहोजाहोच तोंडात येतं. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, आणि आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम केलेल्या. कोट न काढताच त्यांनी माझी सायकल अंगणात उलटी केली आणि ब्रेकचं रबर नखाने दाबून पाहिलं.

"हे रबर आहे की दगड?" त्या म्हणाल्या. "सुई आण."

सुईने त्यांनी रबरात रुतलेले चमकते कण एकेक करून उपटले. रिमचंच ॲल्युमिनियम होतं ते. करकर कुठून येत होती ते मला तेव्हा कळलं. वायरी गंजलेल्या होत्या, ब्रेकचे हात सैल पडले होते. "सायकलचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "तू तिच्याकडे बघितलंच नाहीस." मी मान खाली घातली. सेमीकंडक्टरच्या कारखान्यात धुळीच्या कणामागे धावणारी बाई मी, आणि माझ्या ब्रेकची ही दशा!

आम्ही दोघी दुकानात गेलो. मी नवे ब्रेक, मऊ रबरं आणि वायरी निवडत होते. तेवढ्यात सासूबाई डिस्क ब्रेकच्या एका सायकलसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "लोक कशाचं एवढं कौतुक करतात ते तरी बघू," म्हणाल्या आणि ती चालवून बघायला घेऊन गेल्या.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. दुकानदार दारात जाऊन बघून आला. नवऱ्याला फोन करावा की नाही, ते कळेना. अर्ध्या तासाने त्या आल्या. केस विस्कटलेले, गाल लालबुंद, आणि हसू ओठांत मावेना.

"एका बोटाने!" त्यांनी उजव्या हाताची तर्जनी माझ्या नाकासमोर नाचवली. "एका बोटाने थांबते ही!"

"तुम्ही होतात कुठे?"

"टेकडीवर. वरून तीनदा खाली आले."

गेली तीन वर्षं मी त्यांना टेकडीवर चला म्हणत होते आणि त्या 'गुडघे दुखतात' म्हणून टाळत होत्या. दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांनी पहिल्यांदाच खरं सांगितलं. गुडघे ठणठणीत होते, दुखायचे ते हातांचे अंगठे. सांधे सुजले होते. चढ त्यांना जमायचा, पण उतारावर ब्रेक आवळून धरणं जमत नव्हतं, त्याची भीती वाटायची.

"मग आम्हाला सांगितलंत का नाही?"

"तुम्ही मला सायकलच चालवू दिली नसतीत," त्या म्हणाल्या. मी त्यांचा हात हातात घेतला. त्या उठल्या आणि आपल्या उंचीची सायकल आहे का, ते दुकानदाराला विचारू लागल्या.

दुसऱ्या दिवशी अंगणात आम्ही माझे ब्रेक बसवले. पाना माझ्या हातात, सूचना त्यांच्या. रिम स्पिरिटने पुसून काढली. रबराच्या मागच्या टोकाखाली ट्रामचं तिकीट दुमडून ठेवायला लावलं त्यांनी, म्हणजे पुढचं टोक रिमला आधी टेकतं आणि ब्रेक किंचाळत नाही. तीनदा बिघडलं, चौथ्यांदा जमलं. सासूबाईंनी चाक फिरवून ब्रेक दाबला आणि म्हणाल्या, "गेनाऊ." म्हणजे 'अगदी बरोबर'. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मला आजवर मिळालेली नाही.

पुढच्या रविवारी नेमका पाऊस लागला. नवरा म्हणाला, "आज नका जाऊ." आम्ही दोघी रेनकोट चढवून निघालो. नदीकाठच्या द्राक्षमळ्यांमधून वर चढलो आणि माथ्यावर भिजत उभ्या राहिलो. उतरताना मला थोडं लवकर ब्रेक लावावे लागत होते. चाकाच्या पहिल्या फेऱ्यात रिमवरचं पाणी निघायचं, मग रबर घट्ट धरायचं. माझं तेवढ्यावर भागत होतं. पुढे सासूबाई होत्या, आपल्या नव्या डिस्क ब्रेकच्या सायकलवर ताठ बसलेल्या. प्रत्येक वळणावर अलगद वेग कमी करत होत्या आणि मध्येच तरुण मुलीसारख्या ओरडत होत्या. त्यांना असं ओरडताना मी कधीच ऐकलं नव्हतं. थोड्या वेळाने मीही ओरडायला लागले.

खाली पोचलो तेव्हा दोघींचे बूट पाण्याने भरले होते. समोर बेकरी उघडी होती, आतून ताज्या केकचा वास येत होता. मी सायकल टेकवायला कठडा शोधू लागले.

"केक नंतर," सासूबाई म्हणाल्या आणि सायकल पुन्हा चढाकडे वळवली.