वाळूच्या दगडाखालचा काळा थर

लढाईचे दिवस होते, दगडी कोळशाला सोन्याचा भाव. बेळगावच्या डोंगराकडच्या आमच्या रानात आण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, विहीर पाडत होता. पाणी लागायच्या आधीच लालसर वाळूच्या दगडाखाली कमरेएवढ्या जाडीचा काळा थर लागला.

घरात दगडी कोळसा पाहिलेला एकटा मीच. बेळगाव स्टेशनात, इंजिनावर, लांबून. तेवढ्या अनुभवावर मी त्या थरातला तुकडा हातात उलटासुलटा केला आणि हा कोळसाच, असं जाहीर केलं. लोहाराच्या भट्टीत तो पेटला नाही, नुसता तडतडला. "ओला हाय," मी म्हणालो. मॅट्रिक नापास माणसाला निदान इतकं तरी सुचायला हवं. वर सल्लाही दिला, थर आडवा गेलाय तर आपणही आडवंच जायचं.

आण्णा आडवा गेला. काळा थर पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटायचा. चार दिवसांत वाळूच्या दगडाखाली माणूस बसून मावेल एवढी कपार झाली. डोक्यावरचा दगड अधांतरी.

आण्णानं विहिरीच्या कामाला मजुरीवर आणलेला जाणता म्हातारा रोज खाली उतरला की आधी दगडावर हातोडी मारून कान द्यायचा. खणखणीत वाजला तरच कामाला हात. पाचव्या सकाळी त्यानं तीनदा मारली, वर आला आणि हत्यारं बांधायला लागला.

"काय झालं, मामा?"

"भदभद वाजतोय. मी न्हाय उतरत आता."

आण्णा हसला. "म्हातारा लई भ्यालाय," म्हणत एकटाच उतरला. काठावर मी. खालून पहारीचे घाव ऐकू येत होते आणि मधेच वाळू गळाल्याचा आवाज, चाळणीतून पीठ पडावं तसा. घाव थांबले तरी ती गळतच होती.

"आण्णा, वर ये की!"

"का रं? तुझाच कोळसा हाय न्हवं?"

"मला कोळसा कळत न्हाय! फुशारकी मारली मी!"

खाली पहार टाकल्याचा आवाज आला. मग आण्णा खोबण्यांत पाय रोवत भराभरा वर आला, मला मारायला. एक कानाखाली बसली, आणि पायाखालची जमीन हादरली. विहिरीतून लाल धूळ वर आली. बराच वेळ येत राहिली.

आण्णाचा हात अजून वरच होता. त्याच हातानं त्यानं मला काठापासून मागं ओढलं.

"तुझ्या वैनीला बोललास तर बघ," तो कसाबसा म्हणाला.

पण तिकडं बांधावर न्याहारीची पाटी टाकून वैनी धावत सुटली होती. धुळीपलीकडं तिला आम्ही दोघं अजून दिसलो नव्हतो.